वासुदेव बळवंत फडके : पात्रतेचे मोजमाप



पनवेलहून गोव्याच्या महामार्गाला लागल्यावर पळस्पे फाटा ओलांडला की काही किलोमीटरवर शिरढोण हे गाव येते. तेथून पुढे कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. या गावात 4 नोव्हेंबर 1845 रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. शालेय पुस्तकामुळे 'आद्य क्रांतिकारक' हे विशेषण त्यांच्या नावाआधी आपोआप तुमच्या ओठांवर आले असेल. क्षणभर ते बाजूला ठेवा. हे विशेषण कोणी लावण्याआधी याच माणसाला कारकून, माथेफिरू, दरोडेखोर अशी विशेषणे लागली होती, आणि लावणाऱ्या प्रत्येकाला आपला अंदाज बिनचूक वाटत होता.

या घटकात आपण त्यांचे चरित्र एका प्रश्नाच्या अंगाने वाचणार आहोत. दुसऱ्याची पात्रता माणसे कशावरून ठरवतात? मानसशास्त्रात ज्यांना बोधनिक पूर्वग्रह म्हणतात ते द्वेषातूनच येतात असे नाही. अपुऱ्या माहितीवर झटपट निष्कर्ष काढण्याची मनाला सवय असते आणि ती सवय ठरावीक ठिकाणी ठरावीक प्रकारे चुकते. चरित्रवाङ्मयाच्या अभ्यासकाला हा विषय परका नाही, कारण चरित्रकारही शेवटी कोणाच्या तरी पात्रतेवर निकालच देत असतो.

कचेरीतला माणूस

फडके घराण्याचा संबंध कर्नाळा किल्ल्याशी होता. वासुदेवांचे आजोबा अनंतराव या किल्ल्याचे किल्लेदार होते. 1818 मध्ये कर्नल प्रॉथर याच्या फौजेने कर्नाळा घेतला आणि किल्लेदारी संपली. नातू वाढला तो किल्ल्याच्या आठवणी ऐकत, पण पोटासाठी त्याला इंग्रजी दप्तराचाच आश्रय घ्यावा लागला. कल्याण, मुंबई, पुणे अशी शिक्षणाची फिरती झाली, शिक्षण मात्र अर्धवट राहिले. मुंबईत रेल्वेच्या कचेरीत आणि आणखी एकदोन ठिकाणी नोकरी करून वासुदेवराव 1865 च्या सुमारास पुण्याला लष्करी हिशेब खात्यात आले. तेथे त्यांनी सुमारे चौदा वर्षे काढली.

या चौदा वर्षांत वरिष्ठांना दिसत होता तो हिशेबाच्या वह्यांवर वाकलेला एक एतद्देशीय कारकून. 1870 मध्ये शिरढोणहून आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. रजा मिळाली नाही. ते घरी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धासाठी मागितलेली रजाही नाकारली गेली. चरित्रकार या प्रसंगाला मोठे स्थान देतात आणि ते योग्यच आहे. पण केवळ रजेच्या रागातून बंड उभे राहिले, असे समजणे फार स्वस्त ठरेल. तुमच्यापैकी अनेकांनी नोकरी सांभाळत हा अभ्यासक्रम घेतला आहे. नाकारलेला रजेचा अर्ज म्हणजे काय असते, ते तुम्हांला वेगळे सांगायला नको. दर नाकारलेल्या रजेमागे एक बंड उभे राहत नाही.

येथे एक मानसशास्त्रीय निरीक्षण उपयोगी पडते. 1920 मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले शेरे तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य हे गुण वेगवेगळे आहेत. एकात वरचढ असणारा दुसऱ्यात सामान्य असू शकतो. पण शेऱ्यांमध्ये हे गुण एकमेकांना जखडून चालत होते. एका बाबतीत चांगला दिसलेला माणूस सगळ्याच बाबतींत चांगला ठरत होता आणि एका बाबतीत फिका दिसलेला सगळीकडे फिका. याला थॉर्नडाइकने जे नाव दिले ते मराठीत 'तेजोवलय परिणाम' असे सांगता येईल. देवादिकांच्या चित्रांत डोक्यामागे वलय काढलेले असते आणि त्या उजेडात पुढचा चेहरा नीट दिसत नाही, तसे हे आहे. त्याची उलट बाजूही असते. कारकुनाच्या टेबलावर जी सावली पडते, तिच्यात त्या माणसाचे बाकीचे गुण बुडून जातात.

सावलीत बुडालेले हे गुण थोडे नव्हते. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह पुण्यात जी शिक्षणसंस्था उभी राहिली आणि पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने वाढली, तिच्या संस्थापकांत वासुदेवरावांचे नाव आहे. न्यायमूर्ती रानडे यांची स्वदेशीवरील व्याख्याने ऐकून त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. पत्नी गोपिकाबाई यांना त्यांनी लिहावाचायला शिकवले. ते व्याख्याने देत, आणि आपल्या व्याख्यानाची दवंडी स्वतःच थाळी वाजवून पिटत असत, असे सांगितले जाते. विद्वानांच्या पुण्यात थाळी वाजवणाऱ्या कारकुनाकडे लोकांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

एका गोष्टीत मात्र वासुदेवरावांनी त्या काळाची मोजपट्टी बाजूला ठेवली. शस्त्रविद्या शिकायची तेव्हा ते लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत गेले, अशी परंपरा आहे. लहुजी मांग समाजातले. एका चित्पावन ब्राह्मणाने एकोणिसाव्या शतकात त्यांना गुरू मानावे, हे सहज घडणारे नव्हते. दांडपट्टा कोणाला उत्तम येतो एवढाच प्रश्न समोर ठेवला की उत्तर जातीच्या उतरंडीवरून येत नाही. परंतु हीच दृष्टी त्यांना शेवटपर्यंत टिकवता आली का, हे पुढे पाहायचे आहे.

रामोश्यांचे सैन्य

1876-77 च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. वासुदेवरावांनी दुष्काळी भागात फिरून लोकांचे हाल पाहिले. इंग्रजी राज्य गेल्यावाचून हे संपणार नाही, असे त्यांचे मत झाले. प्रथम ते सुशिक्षितांकडे गेले. तेथे सहानुभूती मिळाली, माणसे मिळाली नाहीत. मग ते रामोश्यांकडे वळले.

रामोशी समाजाकडे त्या काळी कसे पाहिले जाई, हे समजून घेणे आवश्यक आहे. गावाची आणि गडाची राखण हे त्यांचे पिढीजात काम. रात्री न चुकता फिरणे, पावलांच्या खुणा ओळखणे, डोंगरातल्या वाटा माहीत असणे हे या कामाचे कौशल्य. इंग्रजी अमलात जुनी व्यवस्था मोडली, वतने आणि हक्क आटले, आणि तेच कौशल्य संशयाचे कारण झाले. उमाजी नाईक यांना सरकारने दरोडेखोर ठरवले, मध्यंतरी माफी देऊन बंदोबस्ताचे काम त्यांच्याकडेच सोपवले आणि 1832 मध्ये त्यांना फाशी दिले. माणूस तोच आणि त्याचे कसबही तेच, तरी सरकारच्या दप्तरात तो कधी रखवालदार असे तर कधी चोर. 1871 मध्ये उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने तर जन्मावरूनच माणसाची प्रवृत्ती ठरवण्यास कायद्याचे रूप दिले.

फेब्रुवारी 1879 मध्ये वासुदेवरावांनी पुण्याजवळ आपली टोळी उभी केली. तिच्यात बहुसंख्य रामोशी होते, काही ब्राह्मण तरुणही होते. शिरूर तालुक्यातील धामारी हे पहिले मोठे लक्ष्य. त्यानंतर पुणे आणि सातारा भागात आणखी छापे झाले. सावकार आणि व्यापारी यांच्याकडून पैसा काढायचा, त्यातून माणसे वाढवायची, दळणवळण तोडायचे, तुरुंग फोडायचे आणि मग उठाव पसरवायचा, अशी योजना होती. शिवाजी महाराजांनी मावळ्यांना हाताशी धरून स्वराज्य उभारले, तर रामोश्यांना घेऊन आपल्यालाही आरंभ करता येईल, हा विचार तिच्या मुळाशी होता.

ही तुलना मनाला भिडणारी असली तरी फसवी आहे. दोन गोष्टी वरवर सारख्या दिसल्या की त्यांचा शेवटही सारखाच होईल, असे मन धरून चालते. डॅनिएल काहनेमन आणि अमोस ट्व्हर्स्की यांनी 1970 च्या दशकात या सवयीचा तपशीलवार अभ्यास केला. महाराजांच्या मागे जहागिरीचा मुलूख होता, महसूल होता, गड होते आणि दूर विजापुरात कमकुवत झालेला दरबार होता. वासुदेवरावांच्या समोर तार आणि रेल्वे हाताशी असलेले सरकार होते आणि मागे मुलूख नव्हता. लुटीवर पोसलेल्या फौजेला रोज नवी लूट लागते, ही या योजनेतली मूळ अडचण होती.

ती अडचण लवकरच समोर आली. वासुदेवरावांनी लिहिलेल्या आत्मवृत्तात आणि रोजनिशीत सहकाऱ्यांविषयी खंत आहे. रामोश्यांचे लक्ष ध्येयापेक्षा लुटीच्या वाटणीकडे अधिक आहे, हा तिचा आशय. चरित्रकारांनी ही खंत बहुधा जशीच्या तशी स्वीकारली.

पुढे वाचण्यापूर्वी येथे थांबा. दुष्काळातून नुकत्याच निघालेल्या, घरी उपाशी मुले असलेल्या माणसाने लुटीतला वाटा आधी मागितला, तर ते त्याच्या स्वभावाविषयी काही सांगते की त्याच्या परिस्थितीविषयी? 1977 मध्ये ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने ज्याला नाव दिले तो 'मूलभूत गुणारोपण दोष' नेमका हाच आहे. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्या भोवतालच्या अडचणी विसरतो. स्वतःच्या बाबतीत मात्र अडचणी आपल्याला नीट आठवतात. वासुदेवरावांनी स्वतःच्या अपयशाची कारणे सांगताना पैशाची टंचाई, माणसांची टंचाई आणि प्रतिकूल दैव यांचा उल्लेख केला. रामोश्यांना मात्र त्यांनी लोभी ठरवले. लहुजींच्या तालमीत ज्या माणसाने जातीपलीकडे पाहिले, त्याचीच दृष्टी अपयशाच्या क्षणी पुन्हा जुन्या चाकोरीत गेली. त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट मला त्यांच्या पराक्रमापेक्षा अधिक मोलाची वाटते, कारण येथे ते आपल्याइतके जवळ येतात.

पळस्पे, मे 1879

आता पनवेल तालुक्याकडे परत येऊ. या बंडातला सर्वांत मोठा छापा याच तालुक्यात पडला. 10 आणि 11 मे 1879 च्या सुमारास बंडखोरांची एक तुकडी घाट उतरून कोकणात आली आणि तिने पळस्पे व चिखली या गावांवर छापे घातले. सुमारे दीड लाख रुपयांची लूट हाती आली, असे सांगतात. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. आधीच्या सगळ्या छाप्यांनी मिळून जे साधले नव्हते, ते या एका मोहिमेने साधले.

तिचे नेतृत्व कोणी केले, असे विचारले तर बहुतेक वाचक वासुदेव बळवंतांचे नाव घेतील. गाव त्यांच्या जन्मगावाला लागून, बंड त्यांचे, मग छापाही त्यांचाच असणार! प्रत्यक्षात ते तेथे नव्हते. ही मोहीम दौलतराव नाईक या रामोशी पुढाऱ्याने काढली होती. सह्याद्री उतरणे, वस्तीची माहिती काढणे, दोन गावे गाठणे आणि एवढे ओझे घेऊन पुन्हा घाटमाथ्याकडे वळणे, ही कामे केवळ धाडसाने होत नाहीत. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियल याच्या तुकडीने त्यांना गाठले आणि दौलतराव गोळी लागून पडले. त्यांच्याबरोबर बंडाचा कणाच मोडला. वासुदेवरावांना याची जाणीव झाली असावी, कारण त्यानंतर त्यांनी ही माणसे सोडून दक्षिणेची वाट धरली.

दौलतरावांचे स्वतंत्र चरित्र तुम्ही वाचले आहे का? त्यांचे नाव येते ते कोणाच्या तरी चरित्रातल्या एका परिच्छेदात. तेजोवलयाचा हा आणखी एक परिणाम आहे. नायकाभोवतीचे वलय इतके प्रखर असते की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे कर्तृत्वही नायकाच्या खात्यावर जमा होते. मराठीच्या विद्यार्थ्यांना येथे भाषेचाही एक पुरावा तपासता येईल. आपल्या भाषेत आदरार्थी बहुवचन आहे. तुमच्या वाचनातल्या जुन्या चरित्रांत आणि कादंबऱ्यांत कोण 'आले' आणि कोण 'आला', हे पेन्सिलने खुणावून पाहा. लेखकाने कोणाची पात्रता किती मानली, हे क्रियापदाच्या एका मात्रेवरून कळू शकते.

पुण्यातला संशय

पळस्प्याच्या छाप्यानंतर दोनच दिवसांनी, 13 मे रोजी पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा या सरकारी वापरातल्या इमारतींना आग लागली. आगीचा बंडाशी संबंध जोडला गेला. त्याच महिन्यात वासुदेवरावांच्या नावाने जाहीरनामा निघाला. त्यात सरकारच्या आर्थिक धोरणावर टीका होती आणि लोकांना काम द्यावे, अशी मागणी होती. जाहीरनाम्याची दखल लंडनच्या वृत्तपत्रांपर्यंत घेतली गेली.

आता अधिकाऱ्यांपुढे एक कोडे उभे राहिले. एवढी आखणी, एवढी भाषा एखाद्या हिशेबनीस कारकुनाची आणि रामोश्यांची असू शकेल का? त्यांच्या मनातल्या चित्रात ते बसेना. म्हणून नजर वळली ती चित्रात बसणाऱ्या माणसाकडे, महादेव गोविंद रानडे यांच्याकडे. रानडे विद्वान, रानडे पुण्यातले पुढारी, रानडे अर्थकारणावर बोलणारे. मग सूत्रधार तेच असले पाहिजेत. बंड, हिंसा आणि गुप्त कट यांच्याशी ज्यांचा स्वभावतःच मेळ नव्हता, त्या सनदशीर विचारांच्या न्यायाधीशाची धुळ्याला बदली झाली आणि त्यांची टपाली पत्रे फोडून पाहिली जाऊ लागली. रमाबाई रानडे यांच्या आठवणींमुळे हा काळ मराठी वाचकाला घरच्या बाजूनेही माहीत आहे. एका माणसाची पात्रता कमी लेखली गेली आणि त्याची शिक्षा दुसऱ्याला भोगावी लागली, असा हा विचित्र हिशेब आहे.

यश, अपयश आणि नंतरचे शहाणपण

वासुदेवराव श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. तेथे देहत्याग करण्याचा विचार त्यांच्या मनात होता. त्यांनी आत्मवृत्ताचा काही भाग तेथेच लिहिला, असे दिसते. नंतर निजामाच्या मुलखात रोहिल्यांची फौज जमवण्याचा त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पण मेजर डॅनियल आणि निजामाच्या पोलीस खात्यातील अब्दुल हक यांनी पाठलाग सोडला नव्हता. जुलै 1879 मध्ये, 20 तारखेच्या रात्री, कलादगी जिल्ह्यातील देवर नावडगी या गावी तापाने फणफणलेले वासुदेवराव झोपेत पकडले गेले.

पुण्यातल्या खटल्यात सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांचा बचाव केला. सरकारच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे त्यांचे स्वतःचे आत्मवृत्त आणि रोजनिशी. नोव्हेंबर 1879 मध्ये जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

याच काळात त्यांच्याविषयीचे मत पालटू लागले. बंड चालू असताना प्रतिष्ठितांनी अंतर राखले होते. अटकेनंतर त्यांना पाहण्यासाठी पुण्यात गर्दी लोटली आणि कलकत्त्याच्या अमृत बझार पत्रिकेने त्यांच्याविषयी गौरवाने लिहिले. वासुदेवराव जानेवारीतही तेच होते आणि नोव्हेंबरमध्येही तेच. मग बदलले काय? बारूख फिशहॉफ याने 1975 मध्ये दाखवून दिले की शेवट कळला की तो अटळच होता असे माणसाला वाटू लागते. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी 1988 मध्ये दाखवले की निर्णयाचा दर्जा आपण त्याच्या निकालावरून ठरवतो. बंड फसले म्हणून ते वेडेपणाचे, असे काहींनी म्हटले. पुढे देश स्वतंत्र झाला म्हणून ते द्रष्टेपणाचे, असे इतरांनी म्हटले. दोन्ही मते निकालावरून मागे येतात. फेब्रुवारी 1879 मध्ये त्यांच्या हाती असलेल्या माहितीवर त्यांची योजना कशी होती, हा प्रश्न तसाच राहतो. माझ्या मते माणसे जोडण्यात आणि निर्धारात ते असामान्य होते, लष्करी आखणीत कच्चे होते. ही दोन वाक्ये एकाच माणसाविषयी खरी असू शकतात. परीक्षेत त्यांच्यावर टिपण लिहाल तेव्हा दोन्ही लिहिण्यास कचरू नका.

अलीकडे कमी जाणणाऱ्याला आपले अज्ञान कळत नाही, या डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांच्या 1999 च्या संशोधनाचा हवाला ऊठसूट दिला जातो. वासुदेवरावांना तो लावण्याचा मोह टाळा. आपण कोठे कमी पडलो, हे त्यांनी पकडले जाण्याआधीच स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते.

1880 च्या आरंभी त्यांना जहाजाने एडनला नेण्यात आले. तेथल्या तुरुंगाधिकाऱ्यांपुढे उभा होता तो आजारी, खंगलेला, परक्या देशातला एक कैदी. एके रात्री या कैद्याने कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून काढले आणि तो तुरुंगाबाहेर पडला. लवकरच तो पुन्हा पकडला गेला. त्यानंतर पहारा कडक झाला आणि प्रकृती ढासळत गेली. 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या तुरुंगातच वासुदेव बळवंत फडके यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते 37 वर्षांचे होते.